द्रव्याच्या अवस्था तपासायच्या कशा : सिरिंज, फुटबॉल आणि वितळता बर्फ

स्थायूला ठरावीक आकार आणि आकारमान असते, द्रवाला आकारमान असते पण आकार नसतो आणि वायूला दोन्ही नसते, हे वाक्य सगळ्यांचे पाठ असते. पण समोर वाळूने भरलेला पेला ठेवून "हा द्रव का नाही?" असे विचारले की गाडी अडते, कारण वाळू ओतता येते आणि भांड्याचा आकारही घेते. म्हणून व्याख्या बाजूला ठेवून थेट तीन प्रश्न विचारावेत. आधाराशिवाय आकार टिकतो का? भांडे बदलले तरी आकारमान तेवढेच राहते का? आणि चारी बाजूंनी कोंडून दाबले तर किती दबते? सर्वांत खणखणीत उत्तर तिसऱ्या प्रश्नाचे मिळते, त्यामुळे सुरुवात तिथूनच करू.

लागणारे साहित्य : २० मिलिलिटरच्या दोन बिनसुईच्या सिरिंज, १०० मिलिचे मोजपात्र, उणे १० ते ११० अंश सेल्सिअस दाखवणारा प्रयोगशाळेचा थर्मामीटर (ताप मोजायचा चालणार नाही, तो ४२ अंशांच्या आसपास संपतो), ५ किलोपर्यंत वजन घेणारा आणि १ ग्रॅमपर्यंत वाचता येणारा इलेक्ट्रॉनिक काटा, पंपासह फुटबॉल, बर्फ, शेगडी आणि घड्याळ.

सिरिंजची परीक्षा

दट्ट्या २० मिलिच्या खुणेपर्यंत ओढा, म्हणजे आत नुसती हवा राहील. तोंड बोटाने बंद केले तरी चालते, पण बोटाचे मांस मऊ असल्याने हवा निसटते. त्याऐवजी पेन्सिलीच्या खोडरबरात सिरिंजचे तोंड घट्ट रुतवा. आता दट्ट्याचे चपटे टोक काट्यावर टेकवा, सिरिंज उभी धरा आणि वरून खोडरबरासकट नळी सरळ खाली दाबा. प्रत्येक खुणेपाशी काटा किती वजन दाखवतो ते लिहून घ्या.

नळीचा आतला व्यास साधारण २० मिमी असेल, तर दट्ट्याचे क्षेत्रफळ ३.१४ चौरस सेमी भरते. एक वातावरण दाब म्हणजे दर चौरस सेमीला सुमारे १.०३ किलोचा भार. हवा २० वरून १६ मिलिवर आणायला अंदाजे ०.८ किलो, निम्म्यावर म्हणजे १० मिलिवर आणायला ३.२ किलो आणि ८ मिलिवर आणायला ४.९ किलो लागले पाहिजेत. आकारमान निम्मे केले की दाब दुप्पट होतो. रॉबर्ट बॉइलने १६६२ मध्ये मांडलेला नियम तो हाच, मात्र तापमान स्थिर राहायला हवे, म्हणून झटका न देता हळूहळू दाबा.

तुमचे आकडे हटकून जास्त येतील. याचे कारण घर्षण. दट्ट्याचे रबर नळीच्या भिंतीला घासत जाते आणि तेवढे वजन काट्यावर उगाच दिसते. तोंड उघडे ठेवून तीच सिरिंज एकदा दाबा, तेव्हा दिसणारे वजन टिपा आणि सगळ्या नोंदींतून वजा करा. रबराला किंचित साबणाचे पाणी लावले तर घर्षण बरेच उतरते.

दुसऱ्या सिरिंजमध्ये पाणी भरा. तोंड वर करून टिचक्या मारा, वर जमलेले बुडबुडे बाहेर ढकला, मग तोंड बंद करून दाबा. दट्ट्या हलत नाही. एक वातावरण जादा दाब दिला तर पाणी १० लाख भागांतले जेमतेम ४६ भाग आक्रसते, म्हणजे २० मिलिमागे साधारण ०.००१ मिलि. सिरिंजवर ते दिसणे शक्यच नाही. दट्ट्या चांगला अर्धा मिलि आत गेला, तर पाणी दबले असे समजू नका. आत बुडबुडा राहिला आहे किंवा तोंडाकडून गळती आहे. अगदी पुसटशी हालचाल मात्र प्रत्येक सिरिंजमध्ये जाणवते. ती रबराची असते.

दबण्याच्या बाबतीत हवा आणि पाणी यांत हजारोपटींचा फरक असतो, तर पाणी आणि दगड यांत तो फक्त काही दहापटींचा. द्रव हा स्थायू आणि वायू यांच्या बरोबर मधोमध असतो, असा समज सर्रास आढळतो. कणांच्या गर्दीच्या हिशेबाने पाहिले तर द्रव जवळजवळ स्थायूच आहे. त्याचे कण एकमेकांना चिकटून असतात, फक्त जागा सोडून सरकू शकतात.

वाळूचा निकाल

मोजपात्रात कोरडी बारीक वाळू ५० मिलिच्या खुणेपर्यंत भरा आणि ती एका कागदावर काढून ठेवा. मोजपात्रात आता ५० मिलि पाणी घ्या आणि त्यात वाळू चिमटीचिमटीने सोडा. एकदम ओतलीत तर दाण्यांबरोबर हवा अडकून बसते आणि आकडा बिघडतो. पन्नास अधिक पन्नास शंभर भरायला हवेत, पण पातळी ८० च्या आसपासच थांबते. हरवलेले २० मिलि म्हणजे दाण्यांमधल्या फटीतली हवा. म्हणजे "५० मिलि वाळू" यात प्रत्यक्ष दगड ३० मिलिच असतो.

वाळू ओतली की तिचा ढीग होतो आणि ढिगाचा उतार साधारण ३० ते ३५ अंशांवर स्थिरावतो. पाण्याचा असा ढीग होत नाही, ते सपाट होईपर्यंत पसरत राहते. एकेक दाणा भिंगाखाली पाहा, कोणत्याही भांड्यात त्याचा आकार तोच राहतो. अवस्था ठरवायची ती एका सलग तुकड्याची, ढिगाची नव्हे. पीठ, मीठ, साखर, धूळ यांनाही हाच न्याय लावावा. स्पंज आणि कापूस दबतात तेही आतल्या हवेमुळेच.

मोजपात्र वाचताना डोळा पातळीच्या रेषेत आणा. काचेच्या भांड्यात पाण्याचा पृष्ठभाग कडेला वर चढतो, वाचन मधल्या खोलगट भागाच्या तळाशी घ्यायचे असते. वरून वाकून पाहिले की १ ते २ मिलिची चूक सहज होते.

हवेचे वजन

वायूला वस्तुमान असते हे दाखवायला बरेच जण दांडीच्या दोन टोकांना दोन फुगे बांधतात आणि एक फोडतात. हा प्रयोग फसवा आहे. फुगवलेला फुगा जेवढी हवा बाजूला सारतो, जवळपास तेवढीच हवा त्याच्या आत असते, आणि बाहेरची हवा त्याला खालून उचलून धरते. काट्यावर दिसते ते फक्त आत कोंबलेल्या जादा हवेचे वजन. फुग्यातला दाब बाहेरच्यापेक्षा दोन-तीन टक्क्यांनीच जास्त असतो, म्हणजे ३ लिटरच्या फुग्यामागे एक दशांश ग्रॅमही हाती लागत नाही. फोडताना रबराचा एखादा तुकडा उडून गेला, तर त्याचेच वजन याहून जास्त भरेल.

फुटबॉल घ्या. तो आधी एवढाच फुगवा की गोल तर दिसेल, पण अंगठ्याने सहज दबेल. काट्यावर बाटलीचे रुंद झाकण किंवा कड्यासारखे काही ठेवून वजन शून्यावर आणा, म्हणजे चेंडू घरंगळणार नाही. चेंडूचे वजन घ्या. मग पंपाने तो टणक होईपर्यंत भरा आणि पुन्हा वजन घ्या. पूर्ण मापाच्या फुटबॉलमध्ये आत ५ लिटरच्या वर जागा असते आणि खोलीतल्या हवेचे वस्तुमान लिटरमागे सुमारे १.२ ग्रॅम असते. जादा दाब ०.८ वातावरण असेल, तर वजन साधारण ५ ग्रॅमने वाढते. साध्या काट्यावरही हे स्पष्ट दिसते.

पहिले वजन घेताना चेंडू चपटा असेल तर हिशेब चुकतो, कारण मग दुसऱ्या वेळी आकारमान वाढते आणि त्याबरोबर बाहेरच्या हवेचा उचलही वाढतो. दोन्ही वेळा चेंडू गोल असणे ही या प्रयोगातली खरी मेख आहे. पंपाच्या सुईला तेल किंवा थुंकी लावली असेल, तर दुसऱ्या वजनाआधी झडप पुसून घ्या.

बर्फापासून वाफेपर्यंत

सगळ्यांत जास्त शिकवणारा आणि सगळ्यांत जास्त बिघडणारा प्रयोग हा. बर्फ कुटून बारीक करा, कापडावर टिपून कोरडा करा आणि २०० ग्रॅम मोजून पातळ बुडाच्या भांड्यात घ्या. शेगडी मंद आचेवर लावा आणि ती शेवटपर्यंत हलवू नका. आच बदलली की सगळा आलेख वाया गेला. थर्मामीटरचा फुगा बर्फात मधोमध राहील असा टांगा, बुडाला टेकू देऊ नका. दर अर्ध्या मिनिटाला ढवळून तापमान लिहा.

आधी थर्मामीटरची परीक्षा घ्यावी. कुटलेला बर्फ आणि थोडे पाणी यांच्या लगद्यात पाच मिनिटे ठेवल्यावर तो शून्य दाखवतो का? एखादा अंश इकडेतिकडे असेल तर तो फरक पुढच्या सगळ्या वाचनांतून वजा करा.

फ्रीजरमधला बर्फ उणे १८ अंशांच्या आसपास असतो. तो प्रथम शून्यापर्यंत येतो आणि मग आकडा थबकतो. खाली आच चालूच आहे, भांड्यात उष्णता शिरतेच आहे, पण शेवटचा खडा विरघळेपर्यंत थर्मामीटर जागचा हलत नाही. ही उष्णता कणांची गती वाढवण्यात न जाता त्यांची पकड सोडवण्यात खर्च होते, म्हणून तिला अप्रकट उष्मा म्हणतात. बर्फाच्या बाबतीत ती ग्रॅममागे ३३४ ज्यूल आहे. पाणी १ ग्रॅम घेऊन १ अंशाने तापवायला ४.१८ ज्यूल लागतात आणि उकळत्या पाण्याच्या ग्रॅमची वाफ करायला सुमारे २,२६० ज्यूल.

२०० ग्रॅमचा हिशेब मांडा. वितळायला ६६.८ किलोज्यूल, शून्यापासून शंभरपर्यंत तापायला ८३.६ आणि सगळ्याची वाफ व्हायला ४५२. आच स्थिर असेल तर वेळही याच प्रमाणात लागला पाहिजे. बर्फ वितळायला ५ मिनिटे लागली, तर उकळी फुटायला त्यापुढे सव्वासहा मिनिटे आणि भांडे कोरडे पडायला आणखी ३४ मिनिटे. प्रत्यक्षात दुसरा टप्पा थोडा लांबतो, कारण तापलेले भांडे खोलीला उष्णता देत राहते. भांडे पूर्ण कोरडे होऊ देऊ नका. १०० ग्रॅम पाणी उडाले की थांबा आणि लागलेला वेळ दुप्पट करा.

नेहमीच्या चुका दोन. पहिली म्हणजे न ढवळणे. मग बर्फ वर तरंगत असताना बुडाशी ४ अंशांचे किंवा त्याहून गरम पाणी साचते, आणि "वितळताना तापमान स्थिर राहत नाही" असा उलटा निष्कर्ष निघतो. दुसरी म्हणजे मोठे खडे घेणे. एका खड्याभोवती शून्य अंश आणि बोटभर अंतरावर सात-आठ अंश असा प्रकार होतो.

उकळण्याचा आकडा १०० येईलच असे नाही. तो समुद्रसपाटीचा आहे. उंची दर ३०० मीटरने वाढली की उत्कलनांक साधारण १ अंशाने उतरतो, २,००० मीटरवर पाणी ९३ अंशांच्या सुमारास उकळते. आकडा कमी आला म्हणून थर्मामीटर फेकून देण्याआधी आपण किती उंचीवर आहोत ते पाहा.

चहाच्या किटलीसारख्या निमुळत्या तोंडाच्या भांड्यातून वाफ सोडली, तर तोंडाशी बोटभर जागा मोकळी दिसते आणि मग पांढरा ढग सुरू होतो. खरी वाफ ती मोकळी जागा. वायुरूप पाणी दिसत नाही. पांढरा ढग म्हणजे पुन्हा द्रव झालेले बारीक थेंब. आणि चटका सर्वांत वाईट बसतो तो त्या न दिसणाऱ्या भागाचा, कारण कातडीवर द्रव होताना वाफ ग्रॅममागे ते २,२६० ज्यूल तिथेच सोडते. हात लांब ठेवा.

एक मिलि पाण्याची १०० अंशांना सुमारे १.६७ लिटर वाफ होते. आकारमान १,६७० पट, म्हणून दोन रेणूंमधले अंतर त्याच्या घनमुळाएवढे, म्हणजे सुमारे १२ पट. रेणू तेच, आकाराने तेवढेच. वाढली ती मधली रिकामी जागा, आणि सिरिंजमध्ये दबते तीही ही जागाच.

बर्फ अपवाद आहे, नियम नव्हे

बहुतेक पदार्थ गोठताना आक्रसतात. वितळलेले मेण वाटीत थंड होऊ दिले तर मधोमध खळगा पडतो. (मेण थेट आचेवर वितळवू नये, ते पेटते. गरम पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून वितळवावे.) पाणी गोठताना मात्र सुमारे ९ टक्क्यांनी फुगते. बर्फाची घनता ०.९१७ आहे, म्हणून तो तरंगतो आणि त्याचा जेमतेम बारावा हिस्सा पाण्याबाहेर दिसतो. गोठवायच्या बाटलीत किमान दशांश जागा रिकामी सोडा. काचेची बाटली तर वापरूच नका. शिकवताना एवढी काळजी घ्यावी की पाण्याच्या या वागण्यावरून सगळ्या स्थायूंबद्दल नियम बांधला जाऊ नये.

शेगडीशिवाय उकळी

सिरिंजमध्ये ७० अंशांच्या आसपासचे ५ मिलि पाणी ओढा. तोंड वर करून सगळी हवा काढून टाका, तोंड बंद करा आणि दट्ट्या जोरात मागे ओढून धरा. पाणी बुडबुडे काढत उकळू लागते. ७० अंशांना पाण्याच्या बाष्पाचा दाब सुमारे ०.३ वातावरण असतो, आतला दाब त्याखाली गेला की उकळी फुटते. दट्ट्या सोडला की बुडबुडे गायब होतात, कारण वाफ पुन्हा पाणी होते. तीन किलोपर्यंत जोर लागतो, दोन माणसे असलेली बरी. दट्ट्या सोडल्यावरही आत मोठा बुडबुडा उरला, तर सुरुवातीची हवा नीट काढली गेली नव्हती किंवा पाण्यात विरघळलेली हवा बाहेर आली. एकदा उकळून निवलेले पाणी वापरले की हा त्रास कमी होतो.

यातून एक गोष्ट स्वच्छ होते. "पाणी द्रव आहे" हे विधान अर्धवट आहे. कोणत्या तापमानाला आणि कोणत्या दाबाखाली, हे जोडल्याशिवाय ते पुरे होत नाही. गॅलियम हा धातू २९.८ अंशांना वितळतो, म्हणजे तळहातावर ठेवला तरी पाणी पाणी होतो. पारा मात्र उणे ३९ अंशांच्या आसपास जाईपर्यंत गोठत नाही. पारदर्शक लायटरमधले ब्युटेन खोलीच्या तापमानाला द्रव दिसते ते केवळ आतल्या दाबामुळे, मोकळ्या हवेत ते उणे अर्ध्या अंशालाच उकळते. लायटर बाहेरूनच पाहा, उघडू नका.

तापवल्यावर कोण किती फुगते

एकेक लिटर लोखंड, पाणी आणि हवा २० वरून ६० अंशांवर नेली, तर लोखंड दीड मिलिच्या आत वाढते, पाणी सुमारे १५ मिलि आणि हवा (दाब तोच ठेवून) सुमारे १३७ मिलि. प्रत्येक टप्प्याला साधारण दहापट. यात हवेचा आकडा सर्व वायूंना जवळपास सारखाच लागू होतो, तर स्थायू आणि द्रव यांचे आकडे पदार्थागणिक बदलतात. कारण वायूत कणांची एकमेकांवरची पकड जवळपास नसतेच, त्यामुळे कण कोणाचे आहेत याने फारसे बिघडत नाही.

विसरणाचा प्रयोग, जो बहुधा विसरणाचा नसतो

पेलाभर पाण्यात शाईचा थेंब टाकला की ती धाग्यासारखी खाली उतरते, वळसे घेते आणि काही मिनिटांत पसरते. याला विसरण, म्हणजे कणांचे आपोआप एकमेकांत पसरणे, म्हणून दाखवतात. ते मुख्यतः पाण्यातले प्रवाह असतात. निव्वळ विसरणाने पाण्यात रंगाचे रेणू १ मिमी जायला काही मिनिटे घेतात, तर १ सेमी जायला दहा तासांहून अधिक, कारण अंतर दहापट झाले की वेळ शंभरपट होतो.

खरे विसरण पाहायचे तर प्रवाह थांबवावे लागतात. १०० मिलि पाण्यात १ ते दीड ग्रॅम अगर-अगर पूड (पाणी जेलीसारखे घट्ट करणारी) घालून दोन-तीन मिनिटे उकळा, पारदर्शक भांड्यात ओतून घट्ट होऊ द्या. मधोमध टाचणीएवढे भोक पाडून त्यात गडद रंगाचा एक थेंब सोडा, झाकण लावा आणि दर दोन तासांनी रंगाच्या वर्तुळाची त्रिज्या मोजा. दोन सारखी भांडी करून एक थंड आणि एक उबदार जागी ठेवलीत, तर उबदार भांड्यातले वर्तुळ पुढे जाताना दिसेल. घट्ट झालेला अगर-अगर तापवू नका मात्र, ८५ अंशांच्या आसपास तो पुन्हा पातळ होतो.

हवेत विसरण पाण्यापेक्षा साधारण दहा हजारपट वेगवान असते. तरीही खोलीच्या दुसऱ्या टोकाला अत्तराचा वास मिनिटभरात पोचतो तो बहुतांशी वाऱ्याच्या हालचालीने.

जे चौकटीत बसत नाहीत

काच स्थायू आहे. जुन्या खिडक्यांच्या काचा तळाशी जाड आढळतात त्या ओघळून नव्हे, तेव्हाच्या पद्धतीने सपाट काच सारख्या जाडीची बनतच नसे म्हणून. तिच्या रेणूंची मांडणी स्फटिकासारखी रांगेत नसते आणि म्हणून तिला एक नेमका द्रवणांक नाही, ती हळूहळू मऊ होत जाते. उलट डांबरासारखे पिच हातोडीने फुटते, तरी ते द्रव आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात थॉमस पार्नेल यांनी १९२७ मध्ये ते नरसाळ्यात भरले. त्याचा नववा थेंब २०१४ मध्ये पडला. म्हणजे "वाहतो का" या प्रश्नाला "किती वेळ थांबणार" हा पोटप्रश्न जोडावाच लागतो.

काही पदार्थ द्रव न होता थेट वायू होतात, त्याला संप्लवन म्हणतात. कोरडा बर्फ, म्हणजे गोठलेला कार्बन डायऑक्साइड, साध्या दाबाखाली उणे ७८.५ अंशांना असाच उडून जातो. त्याला द्रव व्हायला पाचपटींहून जास्त दाब लागतो. जाड हातमोजे घाला, खोली उघडी ठेवा आणि तो घट्ट झाकणाच्या बाटलीत कधीही भरू नका, बाटली फुटते. आयोडीनचे उदाहरण पुस्तकांत हमखास असते, पण ते साध्या दाबाखालीही ११४ अंशांच्या सुमारास वितळते. हळू तापवले तर त्याआधीच बरेचसे जांभळे बाष्प होऊन गेलेले असते, म्हणून द्रव नजरेतून सुटतो. हे बाष्प डोळ्यांना आणि घशाला झोंबते, त्यामुळे हा प्रयोग धूर खेचणाऱ्या कपाटातच करावा.

प्लाझ्मा, म्हणजे द्रव्याची चौथी अवस्था, घरी मोजता येत नाही, पण पाहता येतो. निऑनच्या दिव्यात, विजेच्या लोळात आणि सूर्यात वायूच्या अणूंतून इलेक्ट्रॉन सुटे झालेले असतात. वायूसारखाच तोही पसरतो आणि दबतो. फरक असा की त्यातून वीज वाहते आणि चुंबकाने त्याला वळवता येते.